मनिलाच्या ऑफिसातली 'बेकी' बोली, आणि तिच्यामागच्या माणसांचं काय?

मृणाल_तासगाव

नमस्कार. मी मूळची तासगावची. नोकरीसाठी मेट्रो मनिलातल्या तागिग शहरात राहते. अमेरिकेतल्या विमा दाव्यांचं काम आहे, म्हणून पाळी कायम रात्रीची. टीममध्ये मी एकटी भारतीय, बाकी सगळे फिलिपिनो.

रुजू झाल्यावर लवकरच लक्षात आलं की ही मंडळी टागालोग बोलताना मधूनच असं काही बोलतात जे माझ्या शिकायच्या पुस्तकात नाही. कुणी थाप मारतं आणि लगेच 'चारोट!' म्हणतं, म्हणजे गंमत केली गं. आमची टीम लीड दोन मुलांची आई आहे. रात्री दोनच्या सुट्टीत पोटावर हात ठेवून ती म्हणते, 'टॉम जोन्स ना आको', म्हणजे मला भूक लागलीय. दारावरचा रखवालदारसुद्धा 'केरी' म्हणतो, म्हणजे जमेल, निभेल. चौकशी केली तर सगळ्यांनी एकाच सहकाऱ्याकडे बोट दाखवलं. 'त्याला विचार. ही बाक्ला लोकांची भाषा, आम्ही त्यांच्याकडून उचलली.' बाक्ला म्हणजे इथले बायकी वळणाचे समलिंगी पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया, आणि त्यांची ही बोली म्हणजे बेकी.

हा सहकारी नव्या माणसांना काम शिकवतो, गातो छान, नाताळच्या पार्टीचं सूत्रसंचालन त्याच्याशिवाय होत नाही. बरीच वर्षं सोबत असलेला त्याचा जोडीदार, इथल्या बोलीत 'जोवा', ऑफिसच्या सहलीला येतो आणि साहेब त्याच्याशी आपुलकीनं गप्पा मारतात. आमच्याकडे एखाद्या मुलाची चाल जरा नाजूक असली तर शाळेत त्याला जगणं नकोसं करतात, हे मी जवळून पाहिलंय. माझ्या वर्गातल्या एका मुलानं दहावीनंतर गाव सोडलं ते कायमचं. त्यामुळे इथलं वातावरण बघून मला मनापासून बरं वाटायचं.

गेल्या पावसाळ्यात त्याच्या जोडीदाराचं अपेंडिक्स फुटलं. रात्री इस्पितळात नेलं, डॉक्टरांनी शस्त्रक्रियाही केली. पण पुढचे कागद, आयसीयूत भेटणं, कोणते उपचार करायचे हे ठरवणं, सगळ्याला उत्तर एकच: 'फक्त कुटुंबीय.' जोडीदाराचा भाऊ बिकोलमधल्या नागाहून रात्रभर बसनं आला तेव्हा कागद पुढे सरकले. हा तोवर बाहेर बाकावर. सोमवारी कामावर आला आणि नेहमीसारखा सगळ्यांना हसवत होता.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. ज्यांची भाषा अख्खा देश बोलतो, त्यांना हा देश खरोखर आपलं मानतो का? आणि ही बोली माझ्यासारख्या बाहेरच्या बाईनं बोलावी का? इथे कुणी फिलिपिन्समध्ये राहिलेलं असेल तर सांगा.

---

सागर_दाभोळकर

मी जहाजावर सेकंड इंजिनिअर आहे. फिलिपिनो क्रूसोबत इतकी वर्षं काढलीत की टागालोगमधल्या शिव्या मला मालवणीइतक्याच ओळखीच्या आहेत. एका जहाजावर आमचा मेसमन बाक्ला होता. शनिवारी रात्री मेसमध्ये कराओके लागलं की पहिला माईक त्याचा. सारंगापासून कॅप्टनपर्यंत सगळे त्याच्यावर जीव टाकायचे. डेकवरचे दणकट खलाशीसुद्धा एकमेकांना 'चार, चार' करायचे, चारोटचंच छोटं रूप.

त्यानं मला एकदा सांगितलं की मनिलात लुनेटाजवळ कालाव रस्त्यावर खलाशांची भरती चालते, तिथे एजंटांच्या पुढे उभं राहायचं तर तो आठवडाभर आधी केस बारीक कापतो, आवाज जाड करतो, चालणं बदलतो. 'एकदा जहाजात चढलो की मग मी मी.' करार संपला की पुन्हा तेच नाटक. जहाजावर लाडका असून त्याला नोकरीच्या दारात लपावं लागत होतं, एवढंच मी सांगू शकतो. बाकी जाणकार सांगतील.

---

शुभदा_कामुनिंग

मृणाल, तुझ्या सहकाऱ्याचं वाचून फार वाईट वाटलं. त्याला माझा निरोप सांग, का ते खाली लिहिते.

मी १९९६पासून क्वेझोन सिटीत राहते, कामुनिंग भागात. यजमानांच्या नोकरीमुळे आलो आणि इथलेच झालो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दोन खुर्च्यांचं पार्लर आहे. चालवणारी व्यक्ती बाक्ला, आता साठीच्या पुढची. गल्लीतल्या बायका दुपारी तिथे नखं करून घ्यायला बसतात, पंखा गरगरतो, टीव्हीवर दुपारचा कार्यक्रम चालू असतो. मी टागालोग शिकले ती त्या खुर्चीत बसून. म्हणजे टागालोगच्या आधी मला बेकी यायला लागली. भाजीवालीला मी 'वाला', म्हणजे नाही, म्हणायच्या ऐवजी 'वाले' म्हणाले तेव्हा ती टोपली खाली ठेवून हसत बसली होती.

ही बोली घडते कशी ते सांगते, कारण त्यात फार मोठी बुद्धी आहे. भुकेला टागालोगमध्ये 'गुतोम'. त्या 'तोम'वरून थेट टॉम जोन्स, तो गायक. पकडलं जाणं म्हणजे 'हुली', त्याचं झालं ज्युली अँड्रूज. हरलात तर लुझ वाल्देझ, ही जुनी अभिनेत्री. मत्सर वाटला तर जेली दे बेलेन. दमून चेहरा उतरला तर गार्दो वेर्सोसा या नटाच्या नावाची मोडतोड करून 'हगार्दो वेर्सोसा'. रडणं म्हणजे क्रेयोला, मुलांचे रंगीत खडू. दुसरी रीत म्हणजे शब्दाचं तोंड बदलायचं. भीती 'ताकोत', तिचं 'शोकोत'. कुरूप 'पांगेत', त्याचं 'शोंगेत'. पोर 'अनाक', त्याचं 'जुनाकिस'. त्यात स्पॅनिश मिसळतं, इंग्रजी मिसळतं. जपानच्या क्लबांत नाचगाण्याचं काम करून आलेल्यांनी तिकडून 'ओतोको', म्हणजे पुरुष, आणला. पार्लरवाली म्हणते, 'शब्द गल्लीतल्या सगळ्यांना कळला की आम्ही नवा काढतो.' त्यामुळे माझ्या लेकीचे शब्द मला कळत नाहीत आणि माझे तिला जुनाट वाटतात.

का केली ही भाषा? गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना गिऱ्हाइकाबद्दल बोलायला, हे हसण्यावारी सांगतात. पण घरात बापासमोर बोलायला, रस्त्यात पोलिसासमोर बोलायला, कोण माणूस धोक्याचा आहे ते मैत्रिणीला वेळेत कळवायला. १९७०च्या दशकात वर्तमानपत्रांनी तिची दखल घेतली तेव्हा 'स्वार्डस्पीक' हे नाव पडलं. ते लष्करी कायद्याचे, हुकूमशहा मार्कोसचे दिवस. आता त्याला कुणी स्वार्डस्पीक म्हणत नाही, बेकी म्हणतात. आधी टीव्ही-सिनेमानं ती घराघरात नेली. २००९पासून व्हाइस गांदा ही बाक्ला विनोदवीर, आता दुपारी लागणाऱ्या 'इट्स शोटाइम' या टीव्ही कार्यक्रमात रोज ती बोलते, आणि जेवणाच्या ताटावर बसलेला अख्खा देश ऐकतो. मग यूट्यूब आलं, तुमची कॉल सेंटरं आली. कॉल सेंटरांनी बाक्ला आणि ट्रान्स मुलांना मोठ्या संख्येनं नोकऱ्या दिल्या, हे त्यांचं श्रेय मी मोकळेपणानं देते. पार्लर किंवा स्टेज याखेरीज तिसरा रस्ता त्यांना तिथे मिळाला.

आता तुझा खरा प्रश्न. इथली माया खोटी नाही, हे आधी सांगते. मी ती पाहिली आहे. मे महिन्यात फ्लोरेस दे मायोच्या दिवसांत सांताक्रुझानची मिरवणूक निघते, सम्राज्ञी हेलेनाला खरा क्रूस सापडला त्याची. कित्येक ठिकाणी बाक्लांची वेगळी सांताक्रुझान असते. फुलांच्या कमानीखालून ती चालतात, अंगावर मोत्यांचे झगे. बारांगायच्या, म्हणजे वॉर्डाच्या, उत्सवात बास्केटबॉलच्या मैदानावर मिस गेची स्पर्धा भरते. पुढच्या रांगेत आज्या, मांडीवर नातवंडं, परीक्षकांत बारांगाय कॅप्टन. आमच्या इथे एका मुलाची आई स्टेजच्या मागे दातांत टाचण्या धरून त्याच्या झग्याचा घोळ शिवत होती, आणि निकाल लागला तेव्हा त्याच्यापेक्षा तीच जास्त रडली. हे दृश्य मला साताऱ्यात माझ्या माहेरी कल्पनेतही आणता येत नाही. अमेरिकेतल्या प्यू संस्थेनं २०१९मध्ये केलेल्या पाहणीत समाजानं समलैंगिकता स्वीकारावी असं म्हणणारे फिलिपिन्समध्ये ७३ टक्के होते, भारतात ३७ टक्के. आकडा मला खरा वाटतो.

पण त्या मायेला अटी आहेत, आणि त्या कुणी लिहून दिलेल्या नसल्या तरी इथल्या प्रत्येक बाक्ला मुलाला पाठ असतात. हसवायचं. नटवायचं. घर चालवायचं. आमच्या पार्लरवालीनं त्या दोन खुर्च्यांवर भावाच्या मुलांची कॉलेजं पार पाडली, त्यातला एक आज नर्स आहे. ज्या बापानं लहानपणी तिला 'पुरुष हो' म्हणत पाण्याच्या ड्रममध्ये डोकं धरून बुडवलं होतं, त्याच बापाची शेवटची सेवा तिनं केली. ड्रमची गोष्ट तिची एकटीची समजू नकोस. तिच्या पिढीच्या कितीतरी जणांकडून हेच ऐकायला मिळतं. बाप तिच्यावर माया करायला लागला ते ती पैसे द्यायला लागल्यावर. ती हे कडवटपणे सांगत नाही, मला मात्र ऐकताना गिळवत नाही.

आणि जे अटींत बसत नाहीत? ज्याला विनोद करता येत नाही, ज्याला झगा नको, साधा हिशेबनीस आहे आणि संध्याकाळी जोडीदारासोबत घरी भात खायचाय? अशा पुरुषी दिसणाऱ्यांना बेकीत 'पामिंता' म्हणतात, मिरीचा दाणा. त्यांना आपल्याच लोकांतून टोमणे आणि बाहेरच्यांपासून लपणं, दोन्ही. आपल्याकडे तमाशातल्या नाच्याला रात्रभर टाळ्या आणि सकाळी गावात वेगळी नजर, ते मला इथे वारंवार आठवतं.

व्हाइस गांदाचंच बघ. देशातली सर्वांत लाडकी कलाकार. जुलै २०२३मध्ये कार्यक्रमात ती आणि तिचा जोडीदार आयन पेरेझ यांनी केकवरचं आयसिंग बोटानं चाखलं. एवढंच. तक्रारी गेल्या, दूरचित्रवाणीच्या सरकारी मंडळानं कार्यक्रम बारा प्रसारणदिवसांसाठी बंद ठेवायला लावला. चौदा वर्षं तिच्या विनोदांवर हसले. ती कुणाची तरी जोडीदार आहे हे दिसलं तेव्हा मात्र लोकांना ते अश्लील वाटलं. मला त्या आठवड्यांत इतका संताप आला होता की पार्लरमध्ये टीव्ही लावूच दिला नाही आम्ही.

आमच्या शेजारच्या क्युबाओत ऑगस्ट २०१९मध्ये ग्रेचेन दिएस या ट्रान्स स्त्रीला मॉलमधल्या बायकांच्या स्वच्छतागृहात जाण्यापासून अडवलं आणि बेड्या घालून पोलीस चौकीत नेलं. क्वेझोन सिटीत २०१४पासून भेदभावविरोधी अध्यादेश आहे, तरीही. मग देशपातळीवर काय? सोगी समानता विधेयक, म्हणजे लैंगिक कल आणि लिंगभाव यांवरून नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करू नये एवढं साधं मागणं, काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, पहिल्यांदा आलं २००० साली. २०१७मध्ये कनिष्ठ सभागृहानं ते १९८ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केलं. वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, अडकलं. पुढच्या प्रत्येक काँग्रेसमध्ये पुन्हा मांडायचं, पुन्हा चर्चच्या आणि धार्मिक गटांच्या विरोधात उभं राहायचं. रीसा होंतिवेरोस सिनेटमध्ये त्यासाठी भांडत राहिल्या. २०१६मध्ये बॉक्सर मॅनी पाकियाओ समलिंगी लोक जनावरांपेक्षा वाईट असं बोलला, नायकीनं त्याच्याशी करार तोडला, आणि तीन महिन्यांत मतदारांनी त्याला सिनेटवर निवडून दिलं. त्याच निवडणुकीत बाताआन प्रांतातून जेराल्डिन रोमान निवडून आली, देशाच्या काँग्रेसमधली पहिली उघड ट्रान्स सदस्य. इथे हे दोन्ही एका दिवशी घडतं, आणि तुला इथे राहायचं तर दोन्ही डोळ्यांसमोर ठेवावं लागेल.

म्हाताऱ्यांबद्दल एक सांगते, कारण त्यांचा विचार कुणी करत नाही. पासाय शहरात हुस्तो हुस्तो या पत्रकार-नगरसेवकानं १९७५मध्ये आपलं घर निराधार वृद्ध बाक्लांसाठी उघडलं. 'गोल्डन गेज' म्हणून ते ओळखले जातात. २०१२मध्ये तो वारला आणि या सगळ्यांना घर सोडावं लागलं. काही जण रस्त्यावर झोपले. सत्तरी ओलांडलेली ही माणसं अजून झगे घालून कार्यक्रम करतात, त्या पैशांतून तांदूळ येतो. ज्यांनी ही बोली घडवली त्या पिढीची ही अवस्था आहे.

आता निरोप. क्वेझोन सिटीनं जून २०२३मध्ये 'राइट टू केअर' कार्ड सुरू केलं. जोडप्यानं नोटरी केलेलं विशेष मुखत्यारपत्र करायचं, ते शहराच्या कार्डाला जोडलं जातं, क्यूआर कोड स्कॅन केला की इस्पितळाला कागद दिसतो: या माणसाच्या उपचारांचे निर्णय हा माणूस घेऊ शकतो. तुझा सहकारी कुठे राहतो ते विचार. क्वेझोन सिटीत असेल तर महापालिकेच्या जेंडर अँड डेव्हलपमेंट कौन्सिलकडे जा म्हणावं. दुसरीकडे राहत असेल तरी वकिलाकडून तसं मुखत्यारपत्र आत्ताच करून ठेवावं, आजारपणाची वाट बघू नये.

आणि बोली बोल गं खुशाल. चारोट, केरी, चिका (गप्पा) हे आता सगळ्यांचे शब्द आहेत. बायका मैत्रिणीला 'हॉय बाक्ला!' म्हणून हाक मारतात तेही ऐकशील. ती हाक मात्र तू स्वतःहून मारू नकोस, समोरच्यानं तुला तशी मारल्यावर बघ. तोच शब्द, आणि सेबूकडचा 'बायोत', शाळेच्या आवारात एखाद्या मुलाच्या पाठीवर फेकला जातो तेव्हा दगडासारखा लागतो.

---

गौरी_पुणे

शुभदाताई, फार मोलाचं लिहिलंत. मी वकिली करते, म्हणून कायद्याच्या अंगानं थोडी भर.

फिलिपिन्समध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या आपल्या ३७७सारखं कलम नव्हतं. स्पेनच्या दंडसंहितेत समलिंगी संबंध हा स्वतंत्र गुन्हा नव्हता, आणि त्याच घडणीचा १९३२पासूनचा फिलिपिनो कायदाही तसाच. आपल्याकडे ब्रिटिशांनी १८६० साली ते कलम घातलं आणि प्रौढांमधले संमतीचे संबंध त्यातून वगळले जायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावं लागलं. रस्त्यावरच्या मोकळेपणात या फरकाचा वाटा आहे असं माझं मत. तरी तिथे 'सार्वजनिक बीभत्सते'चं कलम दाखवून पोलीस त्रास देतात, हेही खरं.

उलट बाजू अशी की २०१४च्या नालसा निकालानं आपल्या सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथी व्यक्तींची ओळख मान्य केली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००७मध्ये सिल्वेरिओ खटल्यात जन्मनोंदीतलं नाव आणि लिंग बदलून द्यायला नकार दिला. म्हणजे मिस गेचा मुकुट डोक्यावर, पण कागदावर तुमचं जुनंच नाव. लग्नाबाबत दोन्ही देश आज एकाच ठिकाणी आहेत. १९८७चा त्यांचा कुटुंब कायदा विवाह स्त्री-पुरुषांतच मानतो, त्याला दिलेलं आव्हान २०१९मध्ये फेटाळलं गेलं. आपलं २०२३मध्ये.

आणि २००९मध्ये निवडणूक आयोगानं 'आंग लादलाद' या एलजीबीटी पक्षाची नोंदणी अनैतिकतेचं कारण देऊन, बायबल-कुराणातली वचनं उद्धृत करून नाकारली होती. एप्रिल २०१०मध्ये न्यायालयानं तो निर्णय रद्द केला: सरकारी आयोगाला धर्मग्रंथावर निर्णय आधारता येणार नाही. त्या निकालाबद्दल मला तिथल्या न्यायालयाचा आदर वाटतो.

मृणाल, मुखत्यारपत्रात 'वैद्यकीय निर्णय', 'भेटण्याचा हक्क' आणि 'वैद्यकीय माहिती मिळवण्याचा हक्क' हे तिन्ही स्पष्ट शब्दांत असायला हवेत. मोघम लिहिलं तर ऐन वेळी इस्पितळ हात वर करतं. दोघांनी एकमेकांच्या नावे, म्हणजे दोन स्वतंत्र पत्रं करावीत.

---

मृणाल_तासगाव

शुभदाताई, गौरीताई, सागरदादा, मनापासून आभार. आज पहाटे पाळी सुटल्यावर त्याला हे सगळं इंग्रजीत सांगितलं. तो मांदालुयोंगला राहतो, पण जोडीदाराची खोली क्वेझोन सिटीत प्रोजेक्ट ४ भागात आहे, पत्ता तिथलाच. कार्डाबद्दल त्यानं ऐकलं होतं, पण 'आपल्यासारख्यांसाठी नसेल' असं समजून गेला नव्हता. गोल्डन गेजचं सांगितलं तेव्हा म्हणाला, त्याच्या पहिल्या पार्लरमधली गुरू त्यांच्यातलीच होती.

शुभदाताई, त्याला विचारायचंय की कौन्सिलच्या कार्यालयात जाताना दोघांनी जायचं की एकानं चालेल?

---

शुभदा_कामुनिंग

दोघांनी जावं. सरकारी ओळखपत्रं आणि पत्त्याचा पुरावा सोबत न्यावा, एकाचाच पत्ता शहरातला असेल तर चालतं का ते आधी फोन करून विचारावं. सकाळी लवकर जा म्हणावं, दुपारी सिटी हॉलमध्ये फार गर्दी असते. आणि गुरुवारी मी घरीच असते. काम झाल्यावर दोघांना घेऊन जेवायला ये, पार्लरवालीलाही बोलावते. मांदालुयोंगपासून कामुनिंगला एमआरटी रेल्वेनं सरळ येता येतं.